स्नानसंस्काराचं नाव : आधी संत ठरवा, मग नाव

स्नानसंस्कारात, म्हणजे बाप्तिस्म्यात, बाळाचं नाव फ्रान्सिस ठेवायचं, एवढं ठरलं की बहुतेक घरांत विषय मिटतो. पण फ्रान्सिस कोणता? ४ ऑक्टोबरला ज्याचा सण येतो तो असिसीचा फ्रान्सिस? ३ डिसेंबरचा फ्रान्सिस झेवियर? २४ जानेवारीचा फ्रान्सिस दि सेल्स? की २ एप्रिलचा, पावला गावचा फ्रान्सिस? पहिल्याने कापडव्यापारी बापाला पैशांबरोबर अंगावरचे कपडेही परत केले. दुसरा गोव्याहून निघून जपानपर्यंत गेला. तिसरा जिनिव्हाचा बिशप आणि हाडाचा लेखक. चौथा कलाब्रियातला विरक्त, तरुणपणी गुहेत राहिलेला. चौघांत सारखं आहे ते फक्त नाव.

मूल दहा-बारा वर्षांचं झालं की विचारतंच, माझं नाव कुणावरून ठेवलं? त्या वेळी आईबाबांनी एकमेकांकडे बघायची वेळ येऊ नये, म्हणून क्रम असा ठेवा: संत आधी, नाव नंतर. निवड झाली की चार गोष्टी लिहून काढा. संताचं पूर्ण नाव गावासकट, त्याच्या मृत्यूचं साल, सणाची तारीख, आणि हाच संत का निवडला याची दोन वाक्यं. हा कागद आधी धर्मगुरूंना, मग धर्मपिता-धर्ममातेला (गॉडफादर-गॉडमदरला) आणि शेवटी मुलाला लागतो.

घरातल्या नावांपासून सुरुवात

वेबसाइटवरच्या याद्या उघडण्याआधी घरातली नावं गोळा करा. मुंबई-वसईकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती आणि गोवन घरांत आजी-आजोबांचं नाव नातवंडाला देण्याची चाल जुनी आहे, आणि ती चांगली आहे. अडचण एवढीच की ही नावं पोर्तुगीज वळणाची, आणि पिढ्यानपिढ्या तोंडात घोळून इतकी बदललेली की मूळ संत चटकन ओळखू येत नाही.

जुआंव म्हणजे जॉन, मराठी बायबलातला योहान. जुजे म्हणजे जोसेफ, बायबलात योसेफ. पेद्रू म्हणजे पीटर, बायबलात पेत्र. मिंगेल म्हणजे मायकल, आंतोन म्हणजे अँथनी. बस्त्यांव म्हणजे सेबास्टियन, सण २० जानेवारी. इनास म्हणजे इग्नेशियस, ३१ जुलै. कायतान म्हणजे संत काजेतान, ७ ऑगस्ट. जाबेल हे इसाबेलचं घरगुती रूप, आणि इसाबेल म्हणजे एलिझाबेथ. सांताना म्हणजे संत आना, मरियेची आई, जिचा सण २६ जुलैला येतो.

इथे तीन ठिकाणी हमखास गोंधळ होतो.

पहिला, जुआंव. पणजोबा बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे की प्रेषित योहानाचे? पहिल्याचा सण २४ जूनला, दुसऱ्याचा २७ डिसेंबरला. घरात पणजोबांच्या नावाचा सण पावसाळ्याच्या तोंडावर होत असे की नाताळच्या आठवड्यात, एवढं एखाद्या म्हाताऱ्या आत्याला विचारलं तरी उत्तर मिळतं.

दुसरा, जेम्सचं कुटुंब. जेम्स, जेकब, याकोब, तियागो, सँटियागो ही सगळी एकाच नावाची रूपं. दियोगही परंपरेने यातच धरतात. पणजोबा दियोग आणि नातू जेम्स असेल, तर नाव पुढे चाललेलंच आहे, तुटलेलं नाही. फक्त थोरला याकोब (२५ जुलै) की धाकटा (फिलिपबरोबर, ३ मे) ते ठरवून टाका.

तिसरा गोंधळ जास्त नाजूक आहे. मनवेल आणि साल्वादोर ही मुळात संतांची नावं नाहीत. मनवेल म्हणजे इम्मानुएल, साल्वादोर म्हणजे तारणारा. दोन्ही येशूच्याच उपाध्या. तसंच पास्कू, नाताल, दुमिंग ही नावं पुष्कळदा दिवसावरून पडलेली असतात: पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, सणात जन्मला तो पास्कू, नाताळातला नाताल, रविवारचा दुमिंग. अशा नावाला संत हवाच असेल तर पास्कूसाठी पास्काल बायलोन आहे (१७ मे). हा स्पेनमधला मेंढपाळ १५४० साली पेंटेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणाच्या, दिवशी जन्मला आणि १५९२ साली पेंटेकॉस्टलाच वारला. दुमिंगसाठी डॉमिनिक आहे, ८ ऑगस्ट. मनवेलचा सण मात्र पुष्कळ घरं नाताळलाच करतात. तो तसाच चालू ठेवावा, ओढूनताणून संत शोधू नये.

धर्मपिता केरळचा असेल तर तिकडची रूपंही कामाला येतात: वर्गीस म्हणजे जॉर्ज, चाको म्हणजे जेकब, औसेप म्हणजे जोसेफ, मत्तायी म्हणजे मॅथ्यू. त्याचं नाव बाळाला द्यायचं तर वर्गीसच ठेवलं पाहिजे असं नाही, जॉर्ज ठेवलं तरी २३ एप्रिलचा संत तोच.

चर्चची जुनी नोंद वाचताना

घरात कुणाला नीट आठवत नसेल तर चर्चच्या कार्यालयात जाऊन स्नानसंस्काराची नोंद मागा. अंदाजे साल, आईवडिलांची नावं आणि गावठाण एवढं घेऊन गेलात तर शोध सोपा होतो. फक्त "आजोबांची नोंद हवी" म्हणून कुणी सगळ्या वह्या चाळून देणार नाही.

जुन्या नोंदी पोर्तुगीज किंवा लॅटिनमध्ये असतात, आणि लॅटिनमध्ये नावाची शेपटी वाक्यातल्या जागेप्रमाणे बदलते. समजा नोंदीत लिहिलंय: "बाप्तिझावी योआन्नेम, फिलियुम आंतोनिई एत इसाबेल्ले". म्हणजे "आंतोन आणि इसाबेल यांचा मुलगा जुआंव याला मी स्नानसंस्कार दिला". यातलं योआन्नेम हे वेगळं नाव नाही, योआन्नेसची द्वितीया आहे. आंतोनिई म्हणजे आंतोनियसचा. हे माहीत नसलं की लोक "योआन्नेम" असंच उतरवून घेतात आणि त्या नावाचा संत शोधत बसतात. नाव उतरवताना शेपटी काढून मूळ रूप लिहा.

लॅटिन रूपंही ओळखीची करून घ्या. याकोबुस म्हणजे जेम्स किंवा जेकब, हिएरोनिमुस म्हणजे जेरोम, लुदोविकुस म्हणजे लुईस, एमान्युएल म्हणजे मनवेल. अलोयसियस हे लुईसचंच लॅटिन वळण. २१ जूनचा अलोयसियस गोन्झागा घरी लुईजी होता.

नोंद सापडलीच नाही तर लगेच आशा सोडू नका. मुंबईत १९२८ पर्यंत पोर्तुगीजांच्या पाद्रुआदो व्यवस्थेची आणि रोमच्या प्रोपागांडा व्यवस्थेची चर्चेस शेजारीशेजारी होती. एकाच आळीतली दोन घरं दोन वेगळ्या चर्चची असत. आपल्या चर्चमध्ये नोंद नसेल तर त्या काळी जवळ असलेल्या दुसऱ्या जुन्या चर्चमध्ये विचारा.

संताचं नाव, आणि संताला मिळालेलं नाव

संत निवडला की त्याचं जन्मनाव एकदा तपासा. पुष्कळदा ते वेगळंच निघतं, आणि त्यातून निवडीला दुसरी वाट सापडते.

मंगळवारच्या नोव्हेनाला (नऊ वेळा करायच्या प्रार्थनेला) ज्याच्यासाठी गर्दी होते तो पादुआचा अँथनी लिस्बनमध्ये फेर्नांदो म्हणून जन्मला. १२२० साली फ्रान्सिस्कन संघात जाताना त्याने वाळवंटातल्या मठाधिपती अँथनीचं नाव घेतलं. म्हणजे अँथनी दोन: थोरला १७ जानेवारीचा, पादुआचा १३ जूनचा. असिसीच्या फ्रान्सिसला आईने स्नानसंस्कारात जॉन हे नाव दिलं होतं; फ्रान्सच्या व्यापारावरून परतलेल्या बापाने त्याला फ्रान्चेस्को करून टाकलं. लोयोलाचा इग्नेशियस हा मुळात इनीगो. मदर तेरेसांचं बाप्तिस्म्याचं नाव अग्नेस, घरात त्या गोंजे. तेरेसा हे नाव त्यांनी लिझ्यूच्या धाकट्या तेरेजवरून घेतलं. म्हणून घरात तेरेसा ठेवताना विचारायला हवं: आविलाची (१५ ऑक्टोबर), लिझ्यूची (१ ऑक्टोबर) की कलकत्त्याची (५ सप्टेंबर)? आणि दोन बहिणींना एकाच संतिणीची नावं द्यायची असतील तर मदर तेरेसांच्या रूपाने तेरेसा आणि अग्नेस अशी जोडी तयारच आहे.

आपल्याकडची एक सुंदर चाल म्हणजे संताचं आडनावच नाव म्हणून ठेवणं. मुंबईत आणि गोव्यात सॅव्हियो, बॉस्को, व्हियानी, गोरेटी, मॅजेला, ब्रिटो नावाची माणसं वाड्यावाड्यांत भेटतात. डॉमिनिक सॅव्हियो, जॉन बॉस्को (३१ जानेवारी), जॉन व्हियानी (४ ऑगस्ट), मारिया गोरेटी (६ जुलै), जेरार्ड मॅजेला (१६ ऑक्टोबर), जॉन दि ब्रिटो (४ फेब्रुवारी) अशी ही मूळ नावं. या चालीचा मोठा फायदा असा की संत कोणता, हा प्रश्नच उरत नाही. जॉन डझनभर आहेत, बॉस्को एकच. "डॉन बॉस्को" असं मात्र नोंदवू नका. माटुंग्याच्या शाळेमुळे ते कानावर बसलंय, पण डॉन हा इटालियनमध्ये धर्मगुरूंसाठीचा आदरार्थी शब्द आहे, नाव नव्हे.

झेवियर हेही याच पठडीतलं. नव्हारमधल्या त्याच्या घराण्याच्या गढीचं ते नाव. तेव्हा गावाचं किंवा घराण्याचं नाव मुलाला देण्यात गैर काही नाही, त्यामागे संत उभा असला की झालं.

तो नसतो तेव्हा काय? रायन हे मुळात आयरिश आडनाव, नेव्हिल नॉर्मन घराण्याचं, ॲश्ली इंग्लंडमधल्या गावांचं. अशी नावं आवडली तर ठेवा, पण शेजारी दुसरं नाव संताचं द्या. केव्हिन आणि ब्रेंडन मात्र या रांगेत बसत नाहीत. ते आयर्लंडचे खरे संत आहेत, अनुक्रमे ३ जून आणि १६ मे.

मुलीसाठी संतीणच हवी असं नाही. जोसेफवरून जोसेफिन, अँथनीवरून अँटोनिया ही रूपं चालतात. आणि जोसेफिनला बाखिता नावाची स्वतःची संतीणही आहे, सुदानची, गुलामगिरीतून सुटलेली, सण ८ फेब्रुवारी. मुलाच्या नावात मारिया आलं तरी अवघडू नका. व्हियानीचं फ्रेंच नाव जाँ-मारी असंच आहे.

मरियेच्या नावांबाबत एक खास सूचना. मारिया नुसतं ठेवलं तर सण कोणता करायचा हे आधी ठरवा, कारण वर्षभर तिचे सण आहेत. मोत माउलीच्या (वांद्र्याच्या माउंट मेरीच्या) ओढीने नाव ठेवत असाल तर ८ सप्टेंबर, मरियेचा जन्मदिन. वांद्र्याची जत्रा त्याच सणाला लागून येणाऱ्या रविवारपासून भरते. लूर्द असेल तर ११ फेब्रुवारी, फातिमा १३ मे, कार्मेल १६ जुलै, असुम्ता १५ ऑगस्ट, दोलोरेस १५ सप्टेंबर, रोझारी ७ ऑक्टोबर, कोन्सेसांव ८ डिसेंबर. दोलोरेस म्हणजे दुःखं, म्हणून हल्ली हे नाव टाळतात. ते क्रूसाखाली उभ्या राहिलेल्या आईचं नाव आहे, आणि ते अभिमानाने ठेवण्याजोगं आहे.

तारीख पक्की करताना

सणाची तारीख बहुधा संताच्या मृत्यूची असते, जन्माची नव्हे. तो दिवस त्याचा स्वर्गातला जन्मदिवस मानतात. येशूखेरीज मरिया आणि बाप्तिस्मा करणारा योहान या दोघांचेच जन्मदिवस मुख्य कॅलेंडरात आहेत. हे लक्षात ठेवलं की पुष्कळ तारखा आपोआप जुळतात: झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजी वारला, सण ३ डिसेंबर. जुळत नाहीत तिथे कारण असतं. आविलाची तेरेसा १५८२ साली ४ ऑक्टोबरच्या रात्री वारली आणि सण १५ ऑक्टोबरला. त्याच रात्री स्पेनमध्ये ज्युलियन कॅलेंडर संपून ग्रेगोरियन सुरू झालं, आणि ४ नंतर थेट १५ तारीख उजाडली.

खरी अडचण येते जुन्या आणि नव्या कॅलेंडरांची. १९६९ साली पोप सहावे पॉल यांनी कॅलेंडर सुधारलं, १९७० पासून ते लागू झालं, आणि बरेच सण हलले. थोमा २१ डिसेंबरवरून ३ जुलैला आला. मथ्थिया २४ फेब्रुवारीवरून १४ मेला. मोनिका ४ मेवरून २७ ऑगस्टला, मुलगा ऑगस्टीनच्या आदल्या दिवशी. थॉमस अक्वायनस ७ मार्चवरून २८ जानेवारीला. गब्रीएल आणि राफाएल यांचे वेगळे सण जाऊन ते मायकलबरोबर २९ सप्टेंबरला आले. आजी सांगते ती तारीख आणि मोबाइलवर दिसते ती तारीख जुळली नाही तर दोघांपैकी कुणी चुकलेलं नसतं. नव्या बाळासाठी नवी तारीख धरा, आजीच्या आठवणीसाठी जुनी तारीख घरच्या प्रार्थनेत राहू द्या.

ख्रिस्तोफरला "काढून टाकलं" हे तुम्ही ऐकलं असेल. तसं झालेलं नाही. सार्वत्रिक कॅलेंडरातून त्याचा सण गेला, पण संतांच्या अधिकृत यादीत, म्हणजे रोमन मार्टिरॉलॉजीत, तो २५ जुलैला आजही आहे. गाडीत ख्रिस्तोफरचं पदक लावणाऱ्यांनी ते उतरवायची गरज नाही आणि नाव ठेवणाऱ्यांनी बिचकायची गरज नाही. फिलोमिनाचं प्रकरण वेगळं. १८०२ साली रोमच्या भुयारी दफनभूमीत सापडलेल्या एका कबरीवरून तिची भक्ती सुरू झाली आणि १९६१ साली तिचा सण कॅलेंडरांतून वगळला गेला. आजीचं नाव फिलोमिना असेल तर ते जरूर पुढे न्या, पण सोबत दुसऱ्या संतिणीचं नाव जोडा, म्हणजे मुलीला साजरा करायला पक्का दिवस मिळेल.

कॅलेंडरात नाव सापडत नाही याचं आणखी एक कारण "आणि सोबती" हे दोन शब्द. आपल्या मातीतला संत गोन्सालो गार्सिया वसईचा. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला त्याला क्रूसावर मारलं, १८६२ साली संतपद मिळालं. सार्वत्रिक कॅलेंडरात मात्र ६ फेब्रुवारीला "पॉल मिकी आणि सोबती" एवढंच लिहिलेलं असतं. आपला गोन्सालो त्या सोबत्यांत आहे. मुंबई-वसईच्या मराठी घरांत हे नाव इतकं कमी का ऐकू येतं, याची खंत वाटते. उच्चाराला सोपं, संत एकच, आणि गाव लोकलने गाठता येण्यासारखं.

एक शेवटची खात्री: निवडलेली व्यक्ती संत आहे की धन्यवादित की अजून पूजनीय (या संतपदाच्या आधीच्या पायऱ्या)? धन्यवादितांचं नाव ठेवायला हरकत नाही, पण सण सगळीकडे नसतो. जुन्या पुस्तकात "धन्यवादित" दिसलं तर पुन्हा तपासा, दर्जा बदललेला असू शकतो. गोव्याचे जोसेफ वाझ १४ जानेवारी २०१५ला संत झाले (सण १६ जानेवारी), कार्लो आकुतिस ७ सप्टेंबर २०२५ला (सण १२ ऑक्टोबर).

मराठी नाव ठेवायचं असेल तर

ठेवा. १९१७च्या धर्मविधी संहितेत धर्मगुरूंनी ख्रिस्ती नाव दिलं जाईल हे बघावं, आणि पालक ऐकत नसतील तर संताचं नाव जोडून दोन्ही नोंदवावीत, असा नियम होता. १९८३च्या संहितेतलं ८५५वं कलम एवढंच म्हणतं की ख्रिस्ती भावनेला परकं नाव देऊ नये. त्यामुळे समीर किंवा स्नेहल या नावाने स्नानसंस्कार होऊ शकतो. जुन्या नियमाची सवय मात्र अजून आहे, आणि संताचं नाव जोडा असं कुणी सुचवलं तर ते प्रेमाने ऐकावं, कारण त्यात बाळाचाच लाभ आहे.

"हिंदू वळणाचं नाव कसं चालेल" असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना संतांचीच नावं दाखवा. मार्टिन हे रोमनांच्या मार्स देवावरून आलेलं, इसिदोर इजिप्तच्या इसिस देवीवरून, डेनिस ग्रीकांच्या डायोनिससवरून. त्या माणसांनी नाव न बदलता आयुष्य पवित्र केलं, आणि आज ती नावं ख्रिस्ती म्हणून ओळखली जातात. प्रॉटेस्टंट परंपरेत तर नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि ते शेवटपर्यंत नारायण वामनच राहिले.

संत आणि मराठी दोन्ही एकत्र हवं तर अर्थाची वाट धरा. तमिळनाडूच्या संत देवसहायमने ती घालून दिली आहे: नीलकंठ पिल्लै यांनी १७४५ साली बाप्तिस्मा घेताना लाझार हे नाव घेतलं, पण तमिळ अर्थाने, देवसहायम म्हणून. १७५२ साली ते रक्तसाक्षी झाले आणि २०२२ साली संत. सण १४ जानेवारी. त्याच रीतीने लुसी (१३ डिसेंबर) म्हणजे ज्योती, क्लेर (११ ऑगस्ट) म्हणजे उज्ज्वला, मार्गारेट म्हणजे मुक्ता, थिओडोर म्हणजे देवदत्त, व्हिक्टर म्हणजे विजय. असं नाव ठेवलंत तर धर्मगुरूंना सांगून नोंदवहीत "ज्योती लुसी" अशी दोन्ही नावं लिहून घ्या. नुसतं "ज्योती" लिहिलं तर वीस वर्षांनी लुसीशी असलेलं नातं फक्त तुमच्या आठवणीत उरेल.

कागदपत्रं

जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते आणि ती बहुधा रुग्णालयच पाठवतं. नाव ठरलं नसेल तर घाईत काहीतरी लिहून देऊ नका, रकाना रिकामा ठेवता येतो. नोंदणीपासून बारा महिन्यांच्या आत महापालिकेच्या विभाग कार्यालयात नाव विनाशुल्क भरता येतं, त्यानंतर शुल्क लागतं. एकदा भरलेलं नाव बदलणं मात्र फार त्रासाचं.

मुंबईत संतांच्या जोडनावांची मोठी पंचाईत मधल्या नावाने होते. "जॉन पॉल डिसोझा" असं लिहिलं की शाळेतला कारकून पॉल हे वडिलांचं नाव धरतो. त्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव हा क्रम आला. आई मारिया आणि वडील अँथनी असतील तर "जॉन पॉल मारिया अँथनी डिसोझा" तयार होतं आणि कुठलं नाव कुणाचं हे कळायला मार्ग नाही. म्हणून दोन नावं कायम वापरायची असतील तर जोडून "जॉनपॉल" लिहा. किंवा महापालिकेत एकच नाव द्या आणि संताचं दुसरं नाव फक्त चर्चच्या नोंदीत ठेवा. दुसरा मार्ग घेतलात तर चर्चच्या नोंदीत महापालिकेतलं नाव पहिलं आलं पाहिजे. लग्नाच्या वेळी सहा महिन्यांच्या आतला स्नानसंस्काराचा दाखला मागतात आणि पहिलंच नाव जुळलं नाही की प्रतिज्ञापत्राच्या फेऱ्या सुरू होतात.

स्पेलिंग एका कागदावर लिहून तोच कागद रुग्णालयात, महापालिकेत आणि चर्चमध्ये दाखवा. तोंडी सांगू नका. दाखल्यावर मराठीतही नाव छापून येतं, तेव्हा झेवियर की झेव्हियर, जुजे की जोस, डिसोझा की डिसूझा हे तुम्हीच लिहून द्या. आडनावातला वरचा स्वल्पविराम अनेक ऑनलाइन अर्ज घेत नाहीत, म्हणून तो सुरुवातीपासून सगळीकडे गाळलेला बरा. चर्चच्या नोंदवहीत खाडाखोड होत नाही, दुरुस्ती कडेला टीप म्हणून होते. तेव्हा सही करण्याआधी नोंद स्वतः वाचा.

संस्काराच्या दिवशी

विधीचा पहिलाच प्रश्न आईवडिलांना असतो: या बाळाला कोणतं नाव देता? दोघांनी एकच उत्तर, पूर्ण आणि मोठ्याने द्यावं. घरातलं लाडाचं नाव इथे चुकून निघतं, म्हणून आदल्या दिवशी ठरवून ठेवा. धर्मपिता किंवा धर्ममाता एक असली तरी चालते. दोन असतील तर एक पुरुष आणि एक स्त्री, वय सोळा पूर्ण, दृढीकरण (कन्फर्मेशन) झालेलं, आणि बाळाचे आईवडील नव्हेत. त्यांच्या धर्मग्रामाचं (पॅरिशचं) पत्र लागेल का, ते आपल्या चर्चमध्ये आधीच विचारा.

लितानीच्या, म्हणजे संतांची नावं घेत करायच्या प्रार्थनेच्या, वेळी बाळाच्या आश्रयदात्या संताचं नाव घेता येतं, पण धर्मगुरूंना ते आधी माहीत असावं लागतं. सुरुवातीला लिहिलेला चार ओळींचा कागद इथे द्या. त्यावर "संत फ्रान्सिस" एवढंच नको, "संत फ्रान्सिस झेवियर" असं स्पष्ट हवं. एकाच दिवशी चार-पाच बाळांचे संस्कार असतात, म्हणून हा कागद निदान आठवडाभर आधी कार्यालयात पोचवा.

बाळाच्या जिवाला धोका असेल तर यातलं काहीच अडवत नाही. तशा प्रसंगी कुणीही, नर्ससुद्धा, डोक्यावर पाणी ओतून पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने स्नानसंस्कार देऊ शकते. नाव ठरलेलं नसलं तरी संस्कार पूर्ण होतो. बाळ बरं झालं की चर्चला कळवा. स्नानसंस्कार पुन्हा होत नाही, उरलेले विधी होतात आणि नाव त्या वेळी नोंदवतात.

दृढीकरणाच्या वेळी नवं नाव घेण्याची सक्ती नाही, आणि स्नानसंस्काराचंच नाव पुढे चालवणं जास्त शोभतं. लहानपणी संताचं नाव राहून गेलं असेल तर मात्र ही संधी घ्यावी. तेव्हा मूल स्वतः वाचू शकतं. दोन-तीन संतांची चरित्रं त्याच्या हातात द्या आणि निवड त्यालाच करू द्या.